घरामागे हातानेच बोअर मारायचा विचार आहे. कुणी मारलाय का?

मातीतला
घरामागे तीस बाय चाळीस फुटांची मोकळी जागा आहे. बोअरची गाडी आत यायला वाट नाही, भिंत पाडली तरच येईल. जमीन गाळाची. पाया खणला तेव्हा सहा फुटांपर्यंत काळी माती आणि त्याखाली पिवळा पोयटा पाहिलेला आहे. शेजारच्या आडात पाणी पंधरा फुटांवर दिसतं, उन्हाळ्याच्या शेवटी अठरावर जातं.

मनात असं आहे की मातीचं गिरमिट करून घ्यावं आणि मी नि धाकटा भाऊ मिळून सुट्टीच्या दिवशी ३५-४० फुटांचं भोक पाडावं. त्यात ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप सोडायचा, वर हातपंप किंवा छोटी मोटर. पाणी झाडांना आणि वापरायला. पिण्याचं नंतर बघू.

कुणी केलंय का? हसणाऱ्यांनी आधी हसून घ्या, पण मग अनुभवही लिहा.

कोरडा नळ
हसून झालं. आता खुर्ची टाकून बसलोय.

शंकेखोर
आधी परवानगीचं बघा. भूजलाचे नियम जागोजागी वेगळे असतात. कुठे नुसती नोंद पुरते, कुठे आधी अर्ज लागतो, कुठे सार्वजनिक विहिरीपासून अमुक अंतराच्या आत मनाईच असते. आणि जमिनीखालून काय काय गेलंय ते माहीत आहे का? ड्रेनेज, वायर, गॅस? गिरमिटाला वायर आणि मूळ यातला फरक कळत नाही.

खडूस खडक
बावीस वर्षं गाडीवर आहे म्हणून लिहितो. भोक कुणीही पाडतं. आमच्या धंद्यातले निम्मे लोक भोक पाडूनच निघून जातात आणि मग लोक म्हणतात बोअरचं पाणी घाण येतं.

तुमची जमीन गाळाची आहे, म्हणून हाताचं काम शक्य आहे. कातळ असता तर पहिलंच उत्तर "विसरा" असं दिलं असतं. पण ७५ चा पाइप टाकायचा विचार सोडा. तीन इंची पाणबुडी मोटर त्यात उतरत नाही, कारण ७५ हे पाइपाचं बाहेरचं माप. वर ठेवलेली मोटर किंवा हातपंप पाणी ओढतो म्हणजे पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. ती ढकलून ढकलून समुद्रसपाटीला ३४ फूट ढकलेल, तेही पुस्तकात. प्रत्यक्षात २२ ते २५ फुटांच्या पुढे पंप नुसता कण्हतो. आज तुमचं पाणी १५ वर आहे. उपसा सुरू झाला की बोअरमधली पातळी आणखी खाली बसते, वर उन्हाळ्याचे तीन फूट धरा. दोन वर्षं कोरडी गेली की वरची मोटर शोभेची. म्हणून ११० मिमी पाइप घ्या, उद्या पाणबुडी सोडता येईल. त्याला भोक आठ इंची लागेल.

आठ इंची का, तर पाइपाभोवती सगळीकडून किमान इंचभर मोकळी जागा हवी. खाली जाळीच्या पाइपाभोवती त्या जागेत धुतलेली बारीक खडी बसते आणि वाळू अडवते. वरच्या दहा-पंधरा फुटांत त्याच जागेत चिकणमाती आणि सिमेंटचं बूच बसतं. ते नसेल तर अंगणातलं सांडपाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने सरळ खाली उतरतं. वरून बघायला काही कळत नाही, पाइप नवाकोरा दिसतो.

आणि संडासाची टाकी कुठे आहे ते लिहिलंच नाही तुम्ही.

मातीतला
टाकी घराच्या पुढच्या बाजूला आहे, ठरवलेल्या जागेपासून मोजली तर ६५ फूट.

आठ इंची भोकाचा हिशेब केला. ३६ फुटांत साधारण साडेसहाशे किलो माती वर काढावी लागेल. भावाला आकडा सांगितलेला नाही.

खडूस खडक
५० च्या आत असती तर नकोच म्हटलं असतं. १०० असतं तर बरं. उतार कुणीकडे आहे? टाकी वरच्या अंगाला नको.

मातीतला
उतार रस्त्याकडे, म्हणजे टाकी खालच्या अंगाला.

जुनी विहीर
खडक दादांनी बुचाबद्दल लिहिलं ते प्रत्येकाने भिंतीवर लावावं. आमच्याकडे कातळ आहे. गाडी आली, रात्रभर धूळ आणि आवाज, सकाळी २१० फुटांवर पाणी लागलं, सगळे खूश. केसिंग पाइप (भोकाच्या वरच्या, ढिसाळ भागाला आतून बसवतात तो) मात्र त्या माणसाने वीसच फूट टाकला. मुरूम संपून पक्का दगड लागला होता तेहतीस फुटांवर. मधले तेरा फूट उघडे. पहिल्याच जोरदार पावसात नळाला लाल पाणी, आणि आठवड्याभराने घरात सगळ्यांची पोटं बिघडली. विचारलं तर म्हणे, "पाणी लागलं ना? मग?" शेवटी मोटर काढून आत लहान पाइप सोडला आणि मधली जागा सिमेंटने भरून घेतली. पहिल्या दिवशीच करता आलं असतं असं काम.

कातळवाल्यांनी एक गोष्ट नक्की करावी: गाडी चालू असताना दर दहा फुटांचा भुगा वेगळा ठेवून घ्या. मुरूम कुठे संपला, कठीण काळा दगड कुठे, मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊसर दगड) कुठे, लाल गेरूचा थर कुठे, सगळं त्या ढिगांत दिसतं. मी ढीग मांडले होते म्हणून तेहतीस फूट हे सिद्ध तरी करता आलं.

कोरडा नळ
२१० फुटांवर किती पाणी लागलं, ताई? आमच्याकडे माणूस "दोन इंच" सांगून गेला, प्रत्यक्षात टाकी भरायला दिवस जातो.

खडूस खडक
हा इंचाचा घोळ एकदा सांगून टाकतो. इंच म्हणजे पाइपाची जाडी नव्हे. वर आलेलं पाणी चरातून काढून पत्र्याच्या काटकोनी खाचेवरून सोडायचं आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. तीही पत्र्याला चिकटून नाही, थोडी मागे, जिथे पाणी संथ आहे तिथे. एक इंच भरलं तर तासाला साधारण ५०० लिटर. दोन इंच म्हणजे दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेसहा पट, तासाला २९०० च्या आसपास. त्यामुळे अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर हिशेबच वेगळा. आणि बरेच जण खाच वगैरे काही लावत नाहीत, धार बघतात आणि तोंडाला येईल ते सांगतात.

शिवाय ती कॉम्प्रेसरने उडवलेली धार. त्यात भेगांत साठलेलं जुनं पाणीही येतं. चार तास मोटर चालवून जे टिकतं ते खरं पाणी.

मोरपंखी
मातीतला, पाणाड्या बोलावला का? आमच्या तिन्ही बोअरना एकाच माणसाने जागा दाखवली, तिन्हींना पाणी. काठी हातात अशी फिरते की धरून ठेवता येत नाही, मी स्वतः पाहिलंय.

शंकेखोर
काठी फिरते यात वादच नाही. ती का फिरते यात आहे. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात मोठी परीक्षा घेतली होती. पाचशेच्या आसपास पाणाड्यांतून चाळून ४३ निवडले. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून हवा तिथे सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा सांगायची. ८४३ खेपा झाल्या. घेणाऱ्यांना वाटलं की काही थोड्यांना खरंच कळतं. नंतर तेच आकडे दुसऱ्यांनी तपासले तेव्हा डोळे मिटून बोट ठेवण्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही.

मोरपंखी
मग आमचे तिन्ही कसे लागले?

शंकेखोर
तुमच्या जमिनीखाली बहुतेक सगळीकडेच पाणी असेल. चौथा बोअर मुद्दाम त्याने "इथे नाही" म्हटलेल्या जागी मारून बघा.

मोरपंखी
खर्च तुम्ही द्या, मारते.

जुनी विहीर
भांडू नका. वराहमिहिराने सहाव्या शतकात दकार्गल नावाचा अख्खा अध्याय पाण्याच्या खुणांवर लिहिलाय, झाडं आणि वारुळं बघून. त्यातली खोलीची मापं मी डोळे झाकून मानणार नाही, पण झाडं बघायची सवय बरी. आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना एकच पट्टा हिरवा दिसला तर मी तिथे थांबते.

मातीतला, तुमच्याकडे मात्र शेजारचा आड हाच पाणाड्या.

रेतीघड्याळ
गाळात हाताने बोअर म्हटल्यावर राहवलं नाही. बांगलादेशात आणि त्या भागातल्या गाळाच्या मैदानांत गिरमिटही वापरत नाहीत. बांबूची तिकाटी, तिला तरफेसारखा आडवा बांबू, त्याला बांधलेला लोखंडी पाइप. भोकात पाणी भरलेलं ठेवायचं. एक जण तरफ दाबून पाइप वरखाली करतो. दुसरा वर बसून पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवतो. पाइप वर जाताना हात घट्ट, खाली येताना हात सोडायचा. झडपच ती, फक्त माणसाच्या हाताची. खालचा चिखल पाइपातून उसळत वर येतो. दर झटक्याला बाहेर पडणाऱ्या गाळावरून वर बसलेला माणूस सांगतो की आता चिकणमाती, आता बारीक वाळू, आता जाड. जाड वाळू लागली की थांबायचं. खडकापुढे उपयोग नाही, गोट्यांपुढेही नाही, पण गाळात एका दिवसात शंभर फूट जाणारी माणसं आहेत.

तरी मी गिरमिटच सुचवेन. तळहाताची वेळ जमायला वर्षं लागतात.

अवांतर, पण पिण्याचं "नंतर बघू" वाचून लिहितो. तिथेच १९७० नंतर लाखो हातपंप बसले, तळ्यातल्या पाण्याच्या जंतूंपासून सुटका म्हणून, आणि ती झालीही. १९९३ मध्ये कळलं की उथळ बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे. चव नाही, वास नाही, रंग नाही. मग पंपांना लाल आणि हिरवा रंग देत फिरावं लागलं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पिऊ नका, एवढंच.

मातीतला
पहिली खबर. गिरमिट तयार झालं. आठ इंची, दोन पाती, वर इंची पाइपाचे पाच-पाच फुटांचे तुकडे जोडत जायचे. सकाळी सातला सुरू केलं. काळी माती ओली होती, पातींना चिकटून बसते, प्रत्येक वेळी खुरप्याने खरवडावी लागते. पोयटा लागल्यावर गंमत आली. चार फेरे, उचल, आपट, परत. दर दोन फुटांचा ढीग फळीवर, बाजूला खडूने आकडा.

अकरा फुटांवर आवाज बदलला. इतका वेळ मऊ कापल्यासारखा होता, तो कर्रकर्र झाला आणि हाताला झटके बसायला लागले. गोटे. मुठीएवढे. गिरमिट त्यांच्यावर नुसतं फिरतं. भावाने जोर लावला आणि ते तिरकं होऊन अडकलं, ना वर ना खाली. तास गेला. शेवटी तिकाटी आणि कप्पी लावून उलटं फिरवत काढलं.

पुढे काय करू?

खडूस खडक
जोर लावायचाच नव्हता. भोक तिरकं झालंय का ते दोरीला वजन बांधून बघा. ओळंबा मधोमध उतरत नसेल तर ते भोक सोडा. पुढे पाइपही तिरकाच जाईल आणि मोटर घासत राहील. जड पहारीने गोटे फोडून बघा, नाहीतर चार-पाच फूट सरकून नवीन घ्या. गोट्यांचा थर सगळीकडे सारखा नसतो.

सोडलेलं भोक आजच्या आज भरा. नुसती माती लोटू नका, चिकणमाती थराथराने ठोकून भरा. नाहीतर तेच घाण पाण्याची वाट होईल. आणि उघडं एक रात्रही ठेवू नका, आठ इंचांत लहान मूल मावतं.

तिकाटीवरून वायर किती लांब आहे? वीस फुटी पाइप उभा करताना वर बघत नाही कुणी.

मातीतला
वायर होती. बारा फुटांवर. तुमचं वाचून तिकाटी विरुद्ध बाजूला हलवली आणि पाइप दहा-दहा फुटांचे आणले.

मातीतला
दुसरी खबर, तीन आठवड्यांनी. जुनं भोक भरलं, पाच फूट सरकलो. इथे गोटे बाराव्या फुटाला लागले, पण जेमतेम हातभर थर. पहारीने फुटले. साडेपंधरा फुटांवर गिरमिटाला चिखल आणि सोळावर पाणी. भावाने अंगणात नाच केला.

त्याच संध्याकाळी पाइप जोडताना पाना हातातून सुटला. टण, टण, मग डबुक. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून सोडला. सहाव्या खेपेला चिकटला, अर्ध्यावर सुटला, नवव्या खेपेला आला. आता हात भोकावर जाण्याआधी फळी भोकावर जाते, आणि पान्याला दोरी बांधली आहे जी मनगटाला अडकते.

पाण्याखाली गिरमिट चालत नाही. वाळू सुटून परत आत येते, दोन फूट काढले की दीड फूट भरतं.

रेतीघड्याळ
आता तात्पुरता मोठा पाइप सोडा, सात इंची वगैरे, आणि त्याच्या आतून तळाला चामड्याची किंवा रबराची झडप असलेल्या नळ्याने वाळू उपसा. आपटा, झडप उघडते, वाळू आत. उचला, झडप बंद. वाळू निघेल तसा मोठा पाइप फिरवत फिरवत खाली दाबायचा. भोकातली पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका, वरून पाणी ओतत राहा. आतली पातळी खाली गेली की बाहेरचं पाणी वाळू घेऊन तळातून उसळतं.

जुनी विहीर
कुणाच्या मनात "त्यापेक्षा जुना आडच खोल करू" असं येत असेल तर एक सांगते. त्यात उतरू नका, आणि इंजिनचा पंप तर आत कधीच सोडू नका. त्याचा धूर खाली साठतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

शंकेखोर
एक शंका. ३५ फुटांवर चिकणमाती लागली आणि तिच्याखाली आणखी पाणी असेल तर? भेदून पुढे जायचं का?

खडूस खडक
गरज नसेल तर नाही. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यात ती भिंत असते, ती फोडली की एकाचं दुसऱ्यात. जर्मनीत स्टाउफेन म्हणून गाव आहे, तिथे २००७ मध्ये इमारतीला उष्णता मिळावी म्हणून १४० मीटर खोल भोकं पाडली. दाबाखालचं पाणी अशा थरात शिरलं की जो पाणी पिऊन फुगतो. गावच वर उचललं गेलं, अडीचशेहून अधिक घरांना भेगा गेल्या. तुमच्या अंगणात तसं काही होणार नाही, पण दोन पाणी एकत्र करू नयेत हे तत्त्व तेच.

मातीतला
तिसरी खबर. ३६ फुटांवर थांबलो. २४ पासून खाली जाड, करकरीत वाळू, हातात घेतली तर पाणी लगेच निथळतं. चौतिसाव्या फुटाला निळसर चिकणमाती लागली, ती दोन फूट कोरून पाइपाचं बंद बूड तिच्यात बसवलं. जाळीचा पाइप २५ ते ३४. भोवती धुतलेली खडी, तिच्यावर हातभर वाळू, वर चिकणमातीचे गोळे एकेक करून सोडले आणि दांड्याने ठोकले, वरचे दहा फूट सिमेंट. हे भरत जाताना तात्पुरता पाइप फूट-फूट वर ओढायचा असतो. त्यात दिवस गेला आणि माझ्या पाठीचे दोन दिवस गेले. पाइपाचं तोंड जमिनीपासून दीड फूट वर ठेवलं, भोवती बाहेर उतार देऊन ओटा.

मग दांड्याला रबराच्या चकत्या लावून आत दट्ट्यासारखं वरखाली. पहिला तासभर नुसता मातकट गाळ. तीन तासांनी पांढुरकं. पाचव्या तासाला काचेच्या बाटलीत भरून ठेवलं तर तळाला चिमूटभर वाळू. आणखी तासाने तेवढीही नाही.

२० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरते. चार तास मोटर चालवली, पातळी साडेपंधरावरून एकोणीस फुटांवर जाऊन स्थिरावली. बंद केल्यावर नऊ मिनिटांत परत जागेवर.

खडूस खडक
तासाला १५०० लिटर. हाताच्या बोअरला हे चांगलं पाणी आहे. घरापुरतं म्हणून आहे ते, शेत भिजवायला काढू नका. निर्जंतुक केला का? पाइपातलं आणि खडीतलं मिळून शंभर लिटर पाणी धरा, १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, निवळ वरची आत ओता, ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी झाडांना घालू नका. मग नमुना द्या.

कोरडा नळ
"चांगलं पाणी आहे." खडक दादांकडून एवढं म्हणजे सत्कारच समजा.

मातीतला
चौथी खबर. प्रयोगशाळेचा कागद आला. पहिल्या नमुन्यात कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू, निघाले. चूक माझी, बागेच्या रबरी नळीतून बाटली भरली होती. दुसरा नमुना पंपाच्या तोंडावरून, तोंड ज्योतीवर भाजून, पाच मिनिटं पाणी सोडून घेतला. त्यात नाहीत. नायट्रेट लिटरला ३८ मिलिग्रॅम. फ्लोराइड ०.६. आर्सेनिक नाही. लोह १.१.

पाणी निघतं तेव्हा काचेसारखं असतं. तासाभराने बादलीत तांबूस होतं आणि पांढऱ्या फरशीवर डाग पडायला लागलेत. घरात मला "लालमहाल" म्हणतात आता.

रेतीघड्याळ
नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. तुमचं आत आहे पण फार आत नाही, पावसाळ्यानंतर परत तपासा, घरात बाटलीवरचं बाळ असेल तर विशेष. लोह ०.३ च्या वर गेलं की डाग पडतात. जमिनीखाली हवा नसते म्हणून ते विरघळलेलं राहतं, हवा लागली की गंजून खाली बसतं. तेच मुद्दाम करायचं. पाणी उंचावरून भोकांच्या थाळीतून टाकीत पाडा, काही तास ठेवा, मग वाळूच्या गाळणीतून घ्या. वाळूचा वरचा थर मधूनमधून खरवडावा लागतो.

मोरपंखी
आमच्या पाणाड्याने लोह आधीच सांगितलं असतं. (हलकं घ्या.)

मातीतला
थाळी म्हणून जुन्या पिंपाच्या झाकणाला भोकं पाडली. तीन बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या: थेट पंपाची, एकदा पाडलेल्या पाण्याची, तीनदा पाडलेल्या पाण्याची. आज सकाळी पहिली अजून तांबूस गढूळ आहे. तिसरीच्या तळाला तांबडा थर बसलाय आणि वरचं पाणी आरपार, पलीकडचा खडूने लिहिलेला आकडा वाचता येतो.

भाऊ वाळू चाळायला बसलाय. फळीवरचे ढीगच वापरतोय, २६ ते ३४ फूट.